सूत्रावरून लीळेकडे

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून वेरूळचा रस्ता धरला की पडेगाव, मिटमिटा मागे पडतं आणि दौलताबादचा किल्ला दिसू लागतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी या मुलखात हिंडले. वेरूळला राहिले, पैठणला राहिले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचं बोलणं जपायला शिष्यांनी जी मांडणी केली, ती मात्र मोबाइलवर लिंकमागून लिंक उघडणाऱ्याला चटकन कळेल अशी आहे.

त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून लीळांच्या, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या, आठवणी गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ रचला. इथे अडचण आली. सूत्र दोन-चार शब्दांचं. ते कोणाला, कशावरून सांगितलं हे माहीत नसेल तर अर्थाचा अनर्थ व्हायचा. म्हणून ‘प्रकरणवश’ तयार झाला. अमुक सूत्र अमुक प्रसंगातलं, हे त्यात सांगितलेलं. सूत्रावरून थेट लीळेत जाण्याची ही वाट!

केसोबासांच्याच दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत आणि तिथली बांधणी आणखी घट्ट. आधी सूत्र, मग गोष्ट, मग ‘दार्ष्टांतिक’, म्हणजे गोष्ट सूत्राला कुठे लागू पडते ते. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचीच गोष्ट घ्या. पाय हाती लागलेल्याला हत्ती खांबासारखा, कान लागलेल्याला सुपासारखा. गोष्ट संपली तरी वाचकाला मोकळं सोडलेलं नाही. दार्ष्टांतिक त्याला पुन्हा सूत्रापाशी आणून उभं करतं. स्थानपोथी तर लीळा जिथे घडल्या त्या जागांचीच नोंद ठेवते. देवळाचं दार कुठल्या दिशेला, इथपर्यंत.

‘आमच्याकडे इंटरनेट आधीच होतं’ असं म्हणायची घाई मात्र नको. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५च्या ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाचं कल्पित टेबल वर्णिलं. त्यात मायक्रोफिल्मवर पुस्तकं असणार होती आणि वाचक हवी ती दोन पानं स्वतःच्या मनाने जोडणार होता. ते यंत्र कधी बनलं नाही. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’, म्हणजे दुव्यांनी जोडलेला मजकूर, हा शब्द छापला, टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला. या सगळ्यांच्या विचारात वाचक मोकळा आहे. महानुभावांच्या वाटा पंथाने आखलेल्या, गुरूकडून शिकायच्या. पुढे तर पोथ्या ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत गेल्या, म्हणजे पासवर्डच लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा हे वाङ्मय बाहेरच्यांना वाचता आलं.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. सूत्राला बोट लावलं की लीळा उघडावी, लीळेतून स्थानपोथीतली जागा नकाशावर दिसावी, अशी सर्वांना खुली आवृत्ती तिथल्या अभ्यासकांनी आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावी. जोडण्या कुठे करायच्या, हे जुन्या मंडळींनी लिहून ठेवलेलंच आहे.