डिस्पोजलची गाडी आणि ऐंशीचा हट्ट

“फौजी, गाडी लई भारी आहे, पण पळतच नाही.” डिस्पोजलची गाडी घेतलेला माणूस माझ्या शेडवर आला की पहिलं वाक्य हेच. डिस्पोजल म्हणजे लष्कराने वापरून निकालात काढलेला माल. पूर्वी डेपोच्या आवारात उभं राहून बोली लावायचे. आता एमएसटीसी या सरकारी कंपनीचा ई-लिलाव असतो, त्यामुळे गाडीला हातसुद्धा न लावता मोबाईलवर बोली लावणारे वाढलेत. जीप, जोंगा, जबलपूरचा तीनटनी शक्तिमान, काय वाट्याला येईल ते.

मी ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या गाड्या-रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलाचा माणूस. पेन्शन आल्यावर वडगाव निंबाळकरला, नीरा-बारामती रस्त्याच्या कडेला शेड टाकली. हंगामात सोमेश्वर कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या, एरवी हे डिस्पोजलवाले. खड्ड्यांच्या रस्त्याने चाळीसच्या वर जाताच येत नव्हतं तेव्हा वेगाची तक्रार कोणी करत नसे. आता एकीकडून ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी मार्ग, दुसरीकडून तुकोबारायांचा, दोन्हींना चौपदरीकरण लागलं, आणि जुन्या जीपवाल्यानेही ऐंशीचा हट्ट धरला.

गाडी पळत नाही यात तिचा काही दोष नाही. लष्कराने ती तशीच मागवलेली असते. माल भरून चिखलातून, नाल्यातून, दगडी चढावरून निघाली पाहिजे आणि ताफ्यात माणसाच्या चालीने तासन् तास चालली पाहिजे, ही मागणी. त्यासाठी चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे जास्त ठेवतात: ओढ वाढते, वेग मरतो. शेवटचा हिशोब होतो मागच्या हौसिंगमध्ये, क्राउन आणि पिनियन या दोन दात्यांच्या चक्रांवर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पिनियनला 8 दाते आणि क्राउनला 39, म्हणजे 4.88. पुढे महिंद्राने इथे बांधलेल्या सीजे-3बी जीपमध्ये 8 आणि 43, म्हणजे 5.38. त्याच युद्धातला अमेरिकी जीएमसीचा अडीचटनी ट्रक तर 6.60 चा, आणि त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी 72 किलोमीटर.

हिशोब वहीत मांडून दाखवला की गिऱ्हाइकाला पटतं. जीपचा 6.00-16 चा टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातो. ताशी 60 ला मिनिटाला 1000 मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे 455 फेरे. 5.38 ने गुणा: इंजिन मिनिटाला 2445 फेरे फिरतंय. ऐंशीला तेच 3260. मूळच्या पेट्रोल इंजिनाला एवढं झेपतं. पण आपल्याकडे जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवायची पद्धत फार. डिझेलला ओढ चांगली, फेरे कमी. तिथेच गोची होते: इंजिन बदललं, क्राउन-पिनियन जुनाच राहिला, आणि गाडी साठलाच किंचाळायला लागली. ही गोष्ट काही आजची नाही. युद्धानंतर लिलावात निघालेल्या पेट्रोल ट्रकांमध्ये लोकांनी पर्किन्सची पी-6 डिझेल इंजिनं घातली, पुढे ती मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनू लागली. त्या मिस्त्र्यांपुढेही हाच पेच होता.

यावर गिऱ्हाइकाचा ठरलेला उपाय म्हणजे मोठा टायर. दिसतोही रुबाबदार. पण 9.00-20 चा टायर सुमारे 102 सेंटिमीटर उंच आणि 11.00-20 चा 108. फरक सहा टक्क्यांचा. म्हणजे 65 ला धावणारा ट्रक त्याच इंजिनावर 69 ला जाईल. एवढ्यासाठी स्टिअरिंग जड करायचं, मडगार्ड कापायचं आणि वळणावर टायर स्प्रिंगला घासू द्यायचा? मी नाही म्हणतो.

टायर बदलायचाच, पण उंचीसाठी नाही, जातीसाठी. लष्करी नायलॉन टायरचे जाड गुटके चिखलात सोनं असतात. डांबरावर ते गुरगुरतात, गाडी हलवतात आणि मुख्य म्हणजे तापतात. नायलॉन टायरचे आडवेतिडवे थर एकमेकांवर घासतात, त्याची ही उष्णता. रेडियलमध्ये ते घासणं कमी. आणि डेपोतल्या टायरला गुटके शाबूत दिसतात म्हणून फसू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. 2309 असेल तर तो 2009 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. त्याच भिंतीवर वेगाचं अक्षरही असतं: एफ म्हणजे 80, जी म्हणजे 90, जे म्हणजे 100, के म्हणजे 110. भिंतीवर केसासारख्या भेगा असतील तर अक्षर कुठलंही असो, तो टायर शेतातल्या ट्रॉलीलाच ठीक. लॉक रिंगवाल्या डिस्कमध्ये हवा भरताना तर मी कोणालाच समोर उभं राहू देत नाही. पिंजऱ्यातच भरायची.

खरा फरक पडतो क्राउन-पिनियनने. 5.38 काढून 11 आणि 47 दात्यांचा 4.27 घातला की साठला इंजिन 2445 वरून 1940 वर येतं. काम मात्र सबुरीचं. दात्यांना निळं मार्किंग लावायचं, हाताने फिरवायचं आणि डाग कुठे उमटतो ते बघायचं. दात्याच्या मधोमध आला तर बरं. मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, शेंड्याला आला तर बाहेर. मग सगळं खोलून तीन थाऊचा, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश जाडीचा शिम घालायचा किंवा काढायचा, पुन्हा निळं, पुन्हा फिरवा. दोन चक्रांमधला मोकळेपणा पाच ते दहा थाऊ ठेवायचा. घाईत बसवलेलं हौसिंग आधी गुणगुणतं, मग रडतं.

पैसे वाचवायला लोक मागचंच बदला म्हणतात. फोर बाय फोरमध्ये ते चालत नाही. ट्रान्सफर केस पुढच्या-मागच्या शाफ्टला एकाच वेगाने फिरवते. पुढे 5.38 आणि मागे 4.27 असेल तर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरंच. चिखलात घसरून निभावेल, डांबरावर काहीतरी तुटणारच. तीनटनीची अडचण याहून मोठी, कारण त्याला दुसऱ्या दात्यांचा जोड सहजासहजी मिळत नाही. मग कोणी मागे बाजारातलं अख्खं हौसिंग घालतं आणि पुढचा शाफ्ट काढून टाकतं. पुढची चाकं मोकळी करायची होती तर साधा ट्रक काय वाईट होता?

एकदा एक तरुण गिऱ्हाईक अगदी हटून बसलं. “फौजी, ऐंशी पळवून द्या.” म्हटलं, “पळवून देतो. थांबवणार कोण?” पन्नासवरून ऐंशीवर गेलं की ब्रेकने खायची ऊर्जा अडीचपट होते. जुन्या जीपला चारही चाकांना लहान ड्रम आणि एकच मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. त्यात वेगाचा क्राउन-पिनियन घातला की उतारावर इंजिनाची अडवणूकही कमी होते. सासवडहून पुण्याकडे दिवे घाट उतरताना ते पायाला कळतं. उलट चढताना, तीनच गिअर असल्यामुळे, तिसऱ्यात ओढत नाही आणि दुसऱ्यात ओरडते. म्हणून माझ्याकडे आधी ब्रेक, मग किंगपिन आणि स्टिअरिंगची ढिलाई, मग टायर, आणि शेवटी दाते. माझ्या मते जीपला 65 आणि तीनटनीला 55 ला शांत चालवता आलं की काम झालं. 3.73 मागणाऱ्याला मी परत पाठवतो.

कायद्याचंही एक अंग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या वर्णनापेक्षा वेगळा फेरफार परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडकपणे सांगितलंय. एमएच-42 ची पाटी लावायच्या आधीच लिलावाची कागदपत्रं घेऊन बारामतीच्या आरटीओत विचारून यावं. मालवाहू ट्रकला महामार्गावर ऐंशीच्या वर परवानगीच नाही.

सगळं झाल्यावर एक काम हमखास राहतं. जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून फिरतो, त्याला मागचे दाते बदलल्याचं कळत नाही. 4.27 घातल्यावर काटा साठवर असताना गाडी पंचाहत्तरला असते. मी काचेवर पांढऱ्या रंगाने लिहून देतो: 60 म्हणजे 75. तो तरुण म्हणाला, “बरंच झालं की. पोलिसांनी धरलं तर काटा दाखवता येईल.” म्हटलं, त्यांच्याकडे रडार असतं बाबा, ते तुझा काटा बघत नाहीत.