डोळ्यांचा बाजार आणि वहीतला वळू

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला फेब्रुवारीत मांसाच्या जातींच्या वंशावळदार वळूंचा बाजार भरतो. पूर्वी तो पर्थला भरायचा; २००९ साली स्टर्लिंगला हलला. तो फेब्रुवारीतच का, हे गायीच्या गाभणकाळावरून कळतं. गाय साधारण २८३ दिवस गाभण राहते. मार्च-एप्रिलमध्ये, गवत फुटायच्या सुमारास वासरू हवं असेल तर वळू जूनमध्ये कळपात सोडावा लागतो, आणि त्याआधी त्याला नव्या रानाची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. मग जूनमध्ये इंगलिस्टनचा रॉयल हायलंड शो, जुलैत यॉर्कशर आणि वेल्समधली मोठी प्रदर्शनं, ऑक्टोबरात पुन्हा स्टर्लिंग, आणि नाताळाआधी खाटकासाठी तयार केलेल्या जनावरांची हिवाळी प्रदर्शनं. वर्षभर चालणाऱ्या या सगळ्या खटाटोपामागे प्रश्न एकच असतो: चांगलं जनावर ओळखायचं कशावरून? प्रदर्शनाचं रिंगण म्हणतं, रूपावरून. पैदाशीची नोंदवही म्हणते, पूर्वजांवरून आणि पोराबाळांवरून. गेल्या दोनशे वर्षांचा पुरावा नोंदवहीच्या बाजूचा आहे, आणि रिंगणाच्या चुकांची किंमत जनावरांनी मोजली आहे, असं माझं म्हणणं आहे.

लिलावाआधी वळूंची परीक्षा होते. त्यासाठी त्यांना साबणानं धुतात, गरम हवेच्या झोतानं केस फुलवतात आणि पाठीची रेघ सरळ दिसावी म्हणून ते यंत्रानं बेतून कापतात. परीक्षक मागून चाल पाहतो, कमरेवर आणि बरगड्यांवर हात फिरवतो, आणि शेवटी विजेत्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो. त्या एका थापेनं बोली चढते. बोली आजही गिनीत लागते, म्हणजे एक पौंड आणि पाच पेन्स. आता साधा हिशेब करू. एक वळू वर्षाला ३५ गायी फळवतो आणि पाच वर्षं कामाला येतो असं धरलं, तर त्याची १७५ वासरं होतात. १९६३ साली पर्थच्या बाजारात लिंडरटिस इव्हल्स हा अॅबरडीन-अँगस वळू ६०,००० गिनींना, म्हणजे ६३,००० पौंडांना गेला. वासरामागे ३६० पौंड! मांसाच्या दरातून हा पैसा त्या काळी वसूल होणं शक्यच नव्हतं. तो वसूल व्हायचा तर त्या वळूचे गोऱ्हे पुन्हा वळू म्हणूनच, दुसऱ्या पैदासकाराला, चढ्या भावानं विकावे लागले असते. म्हणजे या बाजाराच्या शिखरावर घेणारा पैदासकार आणि देणाराही पैदासकारच. खाटीक आणि साधा शेतकरी त्या बोलीत कुठेच नसतात, आणि म्हणून तिथल्या भावाला जमिनीचा आधार नसतो. इव्हल्सचं पुढं काय झालं? तो वांझ निघाला. जगातला सर्वांत महाग वळू, आणि ज्या एका कामासाठी तो घेतला तेच त्याच्याकडून होईना.

हा एक अपघात म्हणून सोडून देता आला असता. पण त्या काळच्या रिंगणाची सगळी आवडच बिघडली होती. अमेरिकी गिऱ्हाइकाला आखूड पायांचा, गुटगुटीत, जमिनीलगतचा वळू हवा होता, म्हणून परीक्षकही तसाच वळू वर काढत. १९५०च्या दशकापर्यंत पारितोषिकविजेते वळू माणसाच्या कमरपट्ट्याच्या उंचीवर आले. अमेरिकेत तर हेरफर्ड आणि अँगस कळपांत खुजी, धापा टाकणारी वासरं जन्मू लागली. त्यामागचा दोष अप्रकट राहणारा होता. आई आणि बाप दोघांकडून आला तरच वासरू खुजं, आणि एकाकडूनच आला तर जनावर धडधाकट, उलट किंचित आटोपशीर बांध्याचं. हाच बांधा परीक्षकाला भावत होता! वासरामागून वासरू मरत असताना रिंगण त्याच दोषाच्या वाहकांना बक्षिसं देत होतं. याचा मला राग येतो, कारण ती वासरं कुणाच्या तरी सौंदर्यदृष्टीपायी मेली. तो दोष हुडकायला शेवटी वंशावळींचे कागदच कामी आले. दरम्यान ब्रिटनमध्ये १९६१ साली फ्रान्सहून शारोले वळू आले. दुधाच्या गायींना त्यांच्या कृत्रिम रेतनातून झालेली वासरं झपाट्यानं वाढू लागली आणि स्थानिक जातींची पीछेहाट झाली. पुढं अमेरिकी रिंगणानं कोलांटी मारली. १९७० आणि ८०च्या दशकांत तिथं उंचच उंच, लांब टांगांची जनावरं जिंकू लागली. दोन्ही टोकांना पोचायला डोळाच कारणीभूत होता.

नोंदवहीचा जन्मही अशाच एका वळूच्या मागोमाग झाला. १८१० साली डार्लिंग्टनजवळ केटन इथं चार्ल्स कॉलिंगचा शॉर्टहॉर्न कळप विकला गेला, तेव्हा कॉमेट हा वळू १,००० गिनींना गेला. एवढी किंमत त्याआधी कुठल्याच वळूला आली नव्हती. कॉमेटचा बाप फेव्हरिट. त्याच्या आईचा बापही फेव्हरिटच, आणि आईची आई म्हणजे फेव्हरिटची स्वतःची आई. हे रक्त किती जवळचं आहे ते कॉमेटकडे दिवसभर टक लावून बसलं तरी दिसणार नाही. ते कागदावरच वाचावं लागतं. बारा वर्षांनी, १८२२ साली, जॉर्ज कोट्सनं शॉर्टहॉर्नची नोंदवही छापली. गुराढोरांच्या जातीची ही पहिली छापील वंशावळ. हेरफर्डची १८४६ साली आली, आणि काळ्या भुंड्या स्कॉटिश गुरांची १८६२ साली.

यावर जुना पैदासकार म्हणेल, कागद चालून दाखवत नाही. खुरं वाकडी आहेत का, मागचे पाय गायीवर चढताना भार पेलतील का, स्वभाव मारका आहे का, हे पाहायला डोळाच लागतो. हे खरं आहे आणि मला मान्य आहे. पण त्यासाठी क्रमांक कशाला लावायचे? लंगडा वळू बाजूला काढणं वेगळं, आणि वीस धडधाकट वळूंतून सर्वांत देखण्याला माळ घालणं वेगळं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकड्यांचीही फॅशन होते. आज लिलावाच्या यादीत वळूच्या नावाखाली २००, ४०० आणि ६०० दिवसांच्या वजनाचे अंदाज छापलेले असतात. ६०० दिवसांचा अंदाज अधिक ४० किलो असेल तर त्यातला निम्मा, २० किलोंचा वाटा वासराला मिळतो. ज्यानं त्यानं हा एकच आकडा धरला तर जन्मतःची वासरंही मोठी होतात आणि गाय अडते. पण इथं दोष वाचणाऱ्याचा आहे, कारण सुलभ प्रसूतीचा आकडाही त्याच यादीत असतो, आणि प्रत्येक अंदाज किती विश्वासाचा याची टक्केवारीही. परीक्षकाच्या थापेपुढं अशी टक्केवारी कुणी कधी लिहिली नाही. आकडा चुकला तर पुढच्या वर्षीची वासरं तो दुरुस्त करतात. इंगलिस्टनचं बक्षीस मात्र कुणी परत मागत नाही.

तिसरं म्हणणं असं की प्रदर्शनांवाचून हा धंदाच बसेल. २०२० साली महामारीमुळं उन्हाळी प्रदर्शनं रद्द झाली. तरी जानेवारी २०२१मध्ये कार्लाईलला विल्लॉज पॉशस्पाइस ही लिमोझिन कालवड २,५०,००० गिनींना गेली. कालवडीला एवढा भाव मिळतो तो गर्भरोपणामुळं: तिचे गर्भ दुसऱ्या गायींच्या पोटी वाढवून एरवी जन्मभरात होतील त्याहून अधिक वासरं मिळवता येतात. म्हणजे एका जनावराच्या निवडीतली चूक आता पूर्वीपेक्षा कितीतरी वेगानं पसरू शकते, आणि वासरं हाती येण्याआधीच पैसा मोजून झालेला असतो.

अँगस जातीच्या वंशावळीत कीलरच्या ह्यू वॉटसनच्या कळपातली ओल्ड ग्रॅनी मूळ गायींमध्ये मोडते. ती १८२४ साली जन्मली, तिला २९ वासरं झाली, आणि १८५९ साली, पस्तिसाव्या वर्षी, अंगावर वीज पडून ती गेली. ती दोन वर्षांची असताना कुठल्या परीक्षकाला तिच्या पाठीवर हात फिरवून हे सांगता आलं असतं?