तळपायांची आग आणि काशाची वाटी
दिवसभर कामाच्या रगाड्यात कसंबसं निभावतं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते. मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी ‘उष्णता झाली असेल’ म्हणत काशाच्या वाटीने तूप चोळून गप्प बसतात! वाटीने बरं वाटतं, नाही असं नाही. पण मधुमेह असेल तर ही आग बहुधा पायांच्या मज्जातंतूंची असते.

साखर ताब्यात ठेवणे हे मुख्य. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने ते कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात ते दूधदुभत्यातून काय मिळेल तेवढंच; आणि घरातलं दूध कोणाच्या वाट्याला जातं, हे का सांगायला हवं? कमतरता निघाली तर ती औषधाने भरून काढता येते.

आग शमवायला डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन किंवा प्रिगॅबालिन देतात. पहिली दोन नैराश्यावरही देतात, म्हणून चिठ्ठी पाहून दचकू नका. वेदना निम्मी झाली तरी गुण आला समजावं. गोळ्या मनाने बंद मात्र करू नयेत.

आग थांबून पाय बधिर झाला, तर ‘बरं झालं’ म्हणू नका! चप्पल निसटलेली कळत नाही, जोडवं रुतलेलं कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं बंदच करा. देवळाची फरशी तापायच्या आत दर्शन उरका. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाहा, बोटांच्या बेचक्याही. फोड दिसला तर हळद भरून वाट पाहत बसू नका. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.