पिंडाचा कावळा आणि हिमालयातला धोबी

पितृपंधरवड्यात साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला पाय ठेवायला जागा नसते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पिंड मांडले जातात आणि कावळा कधी शिवतो याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. त्याच वेळी पायऱ्यांच्या ओल्या कडेने एक सडपातळ पक्षी किडे टिपत फिरत असतो. पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळा रंग आणि ती लांब शेपटी सतत खाली-वर. हा करडा धोबी. उन्हाळा त्याने हिमालयातल्या किंवा त्याही पलीकडच्या ओढ्यांकाठी काढलेला असतो. सह्याद्रीत पाऊस अजून रेंगाळत असतानाच हा आपल्याकडे दाखल होतो. घाटावर दिसणारा प्रत्येक धोबी पाहुणा नसतो, हेही सांगायला हवे. काळा-पांढरा, ठळक पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी बारा महिने इथलाच.

पक्षी बघायला आपण मायणीला किंवा येरळवाडीला जातो, रोहित (फ्लेमिंगो) आले का विचारतो. पण स्थलांतर करणाऱ्यांत मुठीत मावतील असे पक्षी कितीतरी आहेत. त्यांना जुनी झाडे, दाट झुडपे आणि भरपूर किडे लागतात. वाढत्या शहरांत हे तिन्ही एकत्र सापडण्याची जागा बहुधा स्मशानच. तिथल्या वडा-चिंचेवर सहसा कुऱ्हाड पडत नाही, पालापाचोळा जागीच कुजतो, औषधफवारणी क्वचितच होते. कब्रस्तान असो, ख्रिस्ती दफनभूमी असो वा लिंगायतांची रुद्रभूमी, हे सगळीकडे थोड्याफार फरकाने खरे आहे.

ऑक्टोबरात अशा एखाद्या वडाखाली दहा मिनिटे उभे राहा. वरून ‘चिस्ली’ असा तुटक आवाज येईल. पानांच्या खालच्या बाजूचे किडे वेचणारा, हिरवट पाठीचा, डोळ्यावर फिकट रेघ असलेला एक जीव क्षणभर दिसून पुन्हा पानांत जाईल. हा हिरवट पर्णवटवट्या, वजन जेमतेम आठ ग्रॅम. तो आवाज म्हणजे ‘हे झाड माझे’ अशी ताकीद असते. हा पक्षी हिवाळ्यातही स्वतःची हद्द राखतो, दुसऱ्याला हुसकावतो. म्हणून असे एक झाड तुटले की कुणाचे तरी हिवाळ्याचे घर मोडते. इतक्या लांबून आलेल्याने मग कुठे जायचे?

एवढासा जीव वाट कशी काढतो? यातले बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. हवा थंड असते, शिकारी पक्षी कमी असतात, दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. निघण्यापूर्वी ते अंगावर चरबी साठवतात, तेच त्यांचे इंधन. अमेरिकेत संशोधक स्टीफन एमलेन यांनी १९६०च्या दशकात पक्ष्यांना तारांगणात ठेवून दाखवले, की आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते तो बिंदू पिल्ले ओळखायला शिकतात आणि त्यावरून दिशा ठरवतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही त्यांना जाणवते; डोळ्यातल्या पडद्यामधले क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन त्यात भाग घेत असावे, असे पुरावे मिळत आहेत. रात्रभर जळणारे प्रखर दिवे मात्र त्यांना भुलवतात, वाटेवरून ओढून घेतात.

सांगलीकडे चित्र साताऱ्यापेक्षा थोडे वेगळे. कृष्णेचे पाणी उतरले की काठाची मळी उघडी पडते आणि तिथे तुतवार हा पक्षी चिखल टोचत हिंडू लागतो. काठालगतच्या झुडपांतून ‘चक् चक्’ ऐकू येते, तो ब्लिथचा वटवट्या. अंगावर ना रंग, ना नक्षी, त्यामुळे त्याच्याकडे फारसे कुणी वळून बघत नाही. पण पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंत पसरलेली ही जात हिवाळ्यासाठी जवळजवळ पूर्णपणे भारतीय उपखंडात आणि शेजारच्या म्यानमारमध्ये येते. म्हणजे तिकडचे जंगल कितीही सांभाळले तरी आपल्याकडची झुडपे गेली तर ती जात टिकणार नाही. मला हा पक्षी रोहितापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

दिवाळीच्या आसपास स्मशानभूमीची स्वच्छता होते, सुशोभीकरणाचे ठराव होतात. प्लास्टिक, काचा, कचरा जरूर उचला. पण भिंतीकडेची झुडपे आणि झाडाखालचा पाचोळा एप्रिलअखेरपर्यंत राहू द्या, कारण तोवर हे पाहुणे इथेच असतात. अंत्यविधी नसेल तेव्हा मोठे दिवे बंद ठेवा. आणि दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी, कुणाची अंत्ययात्रा आली तर दुर्बीण पिशवीत घालून बाजूला व्हावे.