राजूरचा थोरला मुलगा कुठल्या वहीत?

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, बाळाला बहुधा नाव नसतं. तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते. बाळापुढे मात्र नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. खबर दिली तेव्हा बारसं व्हायचंच होतं! वणी तालुक्यातल्या राजूरच्या माणसाला आपला पणजोबा कागदावर शोधायचा असेल, तर त्याला या निनावी बाळापर्यंत यावं लागतं.

इंग्लंडात 1538 साली टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहावं. तिथल्या साध्या शेतकऱ्याचं घराणंही त्यामुळे एकाच चर्चच्या वह्यांत कित्येक पिढ्या मागे नेता येतं. आपल्याकडे अशी एक वही नाही. आपलं घराणं तहसीलच्या अभिलेख कक्षात, तलाठ्याच्या दप्तरात आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वाटलं गेलं आहे. शाळेतली जन्मतारीख 1 जुलै दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव मोठा. आणखी एक अडचण म्हणजे 1905 पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी होतं, कचेरी यवतमाळला असूनही. त्याआधीच्या कागदात 'यवतमाळ जिल्हा' शोधत बसलं तर हाती काही लागत नाही.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. म्हणजे राजूरच्या घरातला थोरला मुलगा राजूरच्या कोतवाल बुकात बरेचदा सापडतच नाही. तो त्याच्या आईच्या गावच्या वहीत असतो. धाकटी भावंडं इथे, थोरला तिथे. सगळे कागद बापाच्या नावाने चालतात, आणि त्या बापाचा जन्म शोधायला मात्र आजीचं माहेर ठाऊक असावं लागतं. ते गाव कुणी विचारून ठेवलं नसेल तर वंशावळ तिथेच थांबते. म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर आधी त्याच्यापाशी बसावं, तहसीलला मागून जावं.

जमिनीच्या फेरफाराची वही कोतवाल बुकाहून बोलकी. खातेदार मयत झाला की वारसांची नावं चढतात, आणि एका नोंदीत अख्खी पिढी समोर येते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुलगे असले की बहुधा त्यांचीच नावं दिसतात. त्यानंतर बहिणी दिसू लागतात, आणि पुष्कळदा पुढच्याच फेरफाराला हक्कसोड करून पुन्हा नाहीशा होतात. पण मधल्या त्या एका ओळीमुळे आत्याचं नाव टिकून राहिलेलं असतं.

राजूरला मात्र जमीन नसलेल्यांचाही इतिहास आहे, आणि तो मोठा आहे. इथल्या जमिनीत कोळसा आहे, तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. आणि चुनखडी आहे, ती त्याहूनही कितीतरी जुन्या समुद्राची. कोळशामुळे राजूर कॉलरी वसली, चुनखडीमुळे चुनाभट्ट्या पेटल्या, माजरीहून वणीमार्गे रेल्वे आली आणि तिच्यामागे दूरदूरची माणसं आली. त्यांचं नाव इथल्या सातबाऱ्यावर असणार कुठून? त्यांचा कागद खाणीचा. 1973 साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 ला वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. खाणीत प्रत्येक कामगाराची फॉर्म बी रजिस्टरात नोंद होत असे: नाव, बापाचं नाव, वय, कायमचा पत्ता. आज राजूरलाच जन्मलेल्या नातवंडांना आजोबांचं मूळ गाव विचारलं आणि सांगता आलं नाही, तर ते त्या 'कायमचा पत्ता' रकान्यात मिळू शकतं. तिथून पुढचा शोध त्या गावच्या वहीत.