पार्ल्याचा बिस्किट कारखाना: यादीत न बसणारा वारसा

विलेपार्ले पूर्वेचा पार्ले बिस्किटांचा कारखाना पाहायला कोणी गेला, तर त्याची निराशाच होईल. घुमट नाही, कमानी नाहीत, कोरीव दगड नाही. रेल्वेमार्गालगत पसरलेल्या या आवारातल्या इमारती कामापुरत्या बांधलेल्या. तरीही मुंबईच्या खाद्येतिहासात या जागेचा मान मोठा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर आधी पुण्याला जावे लागते.

14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली. कुणी चहा घेतला, कुणी भिडेखातर नुसताच कप हातात धरला. पण गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि सनातनी पुणे पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. पाव-बिस्किटे म्हणजे परक्या हातचे, परक्या भट्टीतले खाणे, ही त्या काळची धारणा.

त्याच टिळकांच्या निधनानंतर, 1921 साली, पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. पार्ले तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव होते; ही उपनगरे शहरात आली ती 1950 साली. शाळेनंतर आठ वर्षांनी, 1929 मध्ये, मोहनलाल दयाळ चौहान यांनी या गावात कारखाना काढला आणि गावाचेच नाव कंपनीला दिले. वलसाडजवळच्या पारडीतून आलेले मोहनलाल कापडाच्या धंद्यातले. गोळ्या-मिठाईचे तंत्र ते जर्मनीत शिकले आणि यंत्रेही तिकडूनच आणली. सुरुवातीला डझनभर कामगार आणि माल म्हणजे गोळ्या. पुढच्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहाची छावणी याच पार्ल्यात पडली. स्वदेशीच्या या वातावरणात 1930चे दशक संपता संपता ग्लुको बिस्किट आले. ज्या खाण्यापायी अर्धशतकापूर्वी पुढाऱ्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, ते आता सोवळ्या घरांतही चहात बुडवून तान्ह्यांना भरवले जाऊ लागले. कुठल्याही सुधारकाच्या भाषणाला जमले नसते ते एका स्वस्त पुड्याने केले, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर फाळणीमुळे गव्हाचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने जाहिराती देऊन लोकांना काही काळ जवाची बिस्किटे खाण्याची विनंती केली. म्हणजे देशाच्या शिधावाटपाची झळही या भट्टीपर्यंत पोहोचली होती.

बिस्किटाच्या कारखान्याची इमारत भट्टीवरून ठरते. कच्ची बिस्किटे सरकत्या पट्ट्यावरून लांबलचक बोगद्यासारख्या भट्टीत शिरतात, काही मिनिटांत भाजून दुसऱ्या टोकाला निघतात आणि थंड होत होत पाकीटबंदीकडे जातात. म्हणून छपरे लांब, सरळ, खांब कमी. वास्तुसौंदर्याच्या निकषांवर अशा इमारतीला गुण मिळत नाहीत. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे, देशातल्या अशा नियमावलींत ती पहिली. पण ग्रेड ठरवताना नजर सहसा दर्शनी भागावर जाते. भट्टी दर्शनी भागात नसते. आणि या कारखान्याचा सगळ्यात मोठा ठेवा तर कुठल्याच यादीत न मावणारा होता: भाजक्या बिस्किटांचा वास. लोकलच्या गर्दीत खिडकी न दिसणाऱ्यालाही पार्ले आल्याचे त्यावरून कळे.

जुलै 2016 मध्ये उत्पादकता घटल्याचे कारण देत येथले उत्पादन थांबवण्यात आले. सुमारे तीनशे कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता जुन्या इमारती पाडून व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. मालकाला आपल्या जमिनीचा वापर करू नका असे सांगण्यात अर्थ नाही. बंद छपरे राखण्याचा खर्चही कमी नसतो. पण काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय होऊ शकते, तर नव्या संकुलात एक जुनी भट्टी, काही यंत्रे, गाय आणि गवळणीचे चित्र असलेले जुने मेणकागदी वेष्टन आणि कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणी यांना एक दालन का मिळू नये?

नवी मुंबईकरांनी हे परके दुखणे समजू नये. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970ची, त्यामुळे आपल्या शहराला जुने काही नाही असे आपण सहज म्हणतो. बेलापूरचा किल्ला सोडला तर वारसा म्हणून दुसरे काही चटकन आठवतही नाही. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने शहराच्याही आधीपासूनचे आहेत. कितीतरी बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. फाटकांवरच्या पाट्याही उरल्या नाहीत. तिथे पाळ्या केलेली माणसे आज ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे येथे निवृत्त होऊन राहत आहेत. महापालिकेने आणि इथल्या वास्तुकला महाविद्यालयांनी उरलेल्या कारखान्यांची छायाचित्रे, नकाशे आणि या माणसांच्या मुलाखती आत्ताच गोळा कराव्यात. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर त्याचे जुने ओळखपत्र रद्दीत जाऊ देऊ नका.