‘सीपीआर’चा पैसा येतो कुठून?

नवी इमारत उभी राहते, पण कधी कधी सलाईन मात्र बाहेरून आणायला सांगतात. सरकारी रुग्णालयात असे का होते, हा प्रश्न अनेक नातेवाइकांना पडतो. उत्तर दडले आहे पैशाच्या वाटांमध्ये.

कोल्हापूरच्या दसरा चौकाजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे ‘सीपीआर’, जुन्या लोकांच्या तोंडी आजही ‘थोरला दवाखाना’च आहे. चंदगड-गगनबावड्यापासून थेट सिंधुदुर्गापर्यंतचे रुग्ण इथे येतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले ते या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. एकाच जिल्ह्यातल्या दोन सरकारी दवाखान्यांचे नियम वेगळे असतात, ते यामुळे.

डॉक्टर, परिचारिकांचे पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून होतात. यंत्रे आणि दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीचाही निधी मिळतो. औषधांची मोठी खरेदी राज्यपातळीवर होते. प्रत्येक रकमेचे लेखाशीर्ष ठरलेले असते. बांधकामाचे पैसे इंजेक्शनवर खर्च करता येत नाहीत. शिवाय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते; रुग्ण मात्र बाराही महिने येतात.

यात एक वाट थेट रुग्णाशी जोडलेली आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. तिच्यात बसणारे उपचार रुग्णाला मोफत मिळतात आणि सरकारी रुग्णालयाने ते केले, तर मंजूर दाव्याची रक्कम त्या रुग्णालयाकडे येते. त्यातून पुढच्या रुग्णांसाठी साहित्य घेता येते. कागद अपुरे राहिले आणि दावा अडला, तर तेवढे उत्पन्न बुडते.

म्हणून दाखल होताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा. आजार योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. त्यात तुमचा खर्च वाचतो आणि थोरल्या दवाखान्याच्या तिजोरीतही चार पैसे पडतात.